पूर्वग्रहाचा अभ्यास करताना आधी तक्ता वाचा

‘माणसांचे गट पाडले की ती एकमेकांचा द्वेष करू लागतात.’ सामाजिक मानसशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना हे वाक्य इतक्यांदा भेटलंय, की त्याखाली रेघ मारायचाही आता कंटाळा येतो. वाक्य पटण्यासारखं आहे, पण प्रयोगांतून निघतं ते वेगळंच. या विषयात नव्याने येणाऱ्यांनी आधी हा गोंधळ सोडवावा.

सुरुवात सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांच्यापासून करा. पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात असताना जर्मनांच्या कैदेत सापडले आणि सुटून आले तेव्हा त्यांची जवळची माणसं उरली नव्हती. अशा माणसाने द्वेषाचं मूळ शोधावं यात नवल नाही. नवल हे, की त्यांनी ते शोधलं जिथे ना भांडण, ना इतिहास, ना ओळख. 1970 च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या 14-15 वर्षांच्या शाळकरी मुलांना क्ले आणि कांडिन्स्की या चित्रकारांची चित्रं दाखवली आणि आवडीप्रमाणे गट पाडलेत असं सांगितलं. खरं तर गट कसेही पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येकाने दोन अनोळखी मुलांमध्ये गुण वाटायचे (नाव नाही, ती कोणत्या गटातली एवढंच कळायचं), त्या गुणांचे पैसे मिळणार, पण या वाटपातून स्वतःला काही नाही.

पाठ्यपुस्तकात पुढे येतं, ‘मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं.’ तिथे पान उलटू नका. ताजफेल यांनी मुलांपुढे ठेवलेला गुणांच्या जोड्यांचा तक्ता, ज्यातली एक जोडी निवडायची, तो वहीत उतरवून स्वतः भरून बघा. एका तक्त्यात आपल्या गटाच्या मुलाला 7 दिले तर दुसऱ्याला 1 जातो. मधोमध 13-13. दुसऱ्या टोकाला आपल्या गटाच्या मुलाला 19, पण समोरच्याला 25. आपल्या माणसाचं भलं एवढंच हवं असेल तर 19 वर बोट ठेवायला हवं. बरीच मुलं मात्र उलट्या दिशेला सरकली. आपल्याला कमी मिळालं तरी चालेल, पण त्यांच्यापेक्षा जास्त हवं! त्याच वेळी समान वाटपाची ओढही निकालांत स्पष्ट दिसते, ती पाठ्यपुस्तकं सहसा गाळतात. ताजफेल आणि जॉन टर्नर यांनी 1979 मध्ये मांडलेला सामाजिक ओळखीचा सिद्धांत याच फरकाच्या हव्यासातून समजतो: गटाची पत ती आपली पत, आणि पत ठरते तुलनेतून.

हा द्वेष म्हणायचा का? आमेली मुमेंडाय आणि सहकाऱ्यांनी वाटायच्या वस्तू उलट्या केल्या. बक्षिसाऐवजी कानाला त्रास देणारा आवाज वाटायला दिला, तेव्हा पक्षपात बराचसा विरला. आपल्याला जास्त देणं सोपं जातं, दुसऱ्याला इजा करायला आणखी काहीतरी लागतं.

ते ‘आणखी काहीतरी’ म्हणून मुझफर शेरीफ यांचं 1954 चं ओक्लाहोमामधलं शिबिर सांगितलं जातं. बक्षिसांसाठी स्पर्धा लावली आणि मुलांचे दोन गट हातघाईवर आले. हे सगळ्यांना पाठ असतं. आदल्या वर्षीच्या शिबिराची गोष्ट मात्र क्वचितच कुणी सांगतं. तिथे मुलांची आधीच मैत्री झाली होती, मग गट पाडले, आणि चिथावूनही ती एकमेकांवर उलटली नाहीत. प्रयोग गुंडाळावा लागला. मला विचाराल तर फसलेलं शिबिर जास्त शिकवतं.

गॉर्डन ऑलपोर्ट यांचं संपर्काचं गृहीतक तुम्हाला लवकरच भेटेल: योग्य परिस्थितीत दोन गटांतली माणसं एकमेकांत मिसळली की पूर्वग्रह कमी होतो. समान दर्जा, सामाईक ध्येय, सहकार्य आणि वरच्यांचा पाठिंबा या चार अटी पाठ होतातच. पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी 2006 मध्ये 515 अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा चारही अटी नसतानाही संपर्काने पूर्वग्रह कमी होताना दिसला. अटी असल्या तर परिणाम वाढतो, इतकंच.

प्रकल्प करायची वेळ येईल तेव्हा सगळ्यात जास्त त्रास मोजमाप देतं. विद्यार्थी दोन गटांबद्दलच्या मतांची वजाबाकी करतात आणि येणाऱ्या आकड्याला पूर्वग्रह म्हणतात. पण तो फरक आपल्यांच्या जास्त कौतुकातून आला की परक्यांच्या तिटकाऱ्यातून, हे वजाबाकी सांगत नाही. म्हणून दोन्ही गुणांक वेगळे ठेवा, आणि ज्याच्याशी काही देणंघेणं नाही असा तिसरा गटही प्रश्नावलीत घाला. परक्यांचा गुणांक त्याच्याखाली गेला, तरच तिटकाऱ्याबद्दल बोलता येतं. आणि गट खोटे पाडले असतील, तर शेवटी सहभागींना तसं सांगायला विसरू नका.