आहारविकारातून सावरताना वजनं उचलताय? या चुका टाळा

ॲनोरेक्सिया (वजन वाढायच्या भीतीने उपाशी राहणं), बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलट्या काढणं) यांसारख्या आजारातून सावरणाऱ्या माणसाला वजनं उचलण्याचा फायदा होतो, असं मी ठामपणे मानतो. झिजलेले स्नायू भरून येतात, झोप सुधारते, आणि कायम आरशात तपासलेलं शरीर काही करूनही दाखवू शकतं, हे कळायला लागतं. मात्र हे सगळं पोटात पुरेसं अन्न जात असेल तरच. नाहीतर तोच आजार जिमचे कपडे घालून परत येतो आणि घरच्यांना वाटतं, पोरगी बरी झाली. इथे किलो किंवा कॅलरींचे आकडे मुद्दामच दिलेले नाहीत. ज्यांच्यासाठी हा लेख आहे, त्यांच्या डोक्यात आकड्यांचा गोंगाट आधीच पुष्कळ असतो.

डॉक्टरांना न विचारता सुरुवात करणं

सगळ्यात धोकादायक चूक हीच. उलट्या काढणं किंवा जुलाबाची औषधं घेणं चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. वजन नॉर्मल असलं तरीही हे घडतं. खूप दिवस उपाशी राहिल्यावर नुकतं जेवण वाढवलं असेल, तर रक्तातलं फॉस्फेट (एक क्षार) झपाट्याने घसरण्याचा धोका असतो, म्हणून त्या दिवसांत रक्त पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. ईसीजी, झोपून आणि उभं राहून घेतलेला रक्तदाब आणि रक्ताचे रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी होकार दिला, की मगच डंबेलला हात लावा.

स्मार्टवॉचवर नाडी मंद दिसली की काही मुलं खूश होतात, खेळाडूसारखं हृदय झालं म्हणून. उपासमारीतही नाडी मंद होते, कारण शरीर मिळेल तिथे काटकसर करत असतं आणि हृदयाचा स्नायूसुद्धा झिजतो. घड्याळाला यातला फरक कळत नाही. तो डॉक्टरांनीच पाहायचा.

‘व्यायामाने हाडं मजबूत होतील’ या भरवशावर राहणं

पाळी थांबलेल्या मुलींची इथे हमखास फसगत होते. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी पडलं की हाडं विरळ होतात, आणि जेवण अपुरं असेल तर कितीही स्क्वॅट मारले तरी ती झीज भरून निघत नाही. उलट हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. पायाच्या किंवा नडगीच्या एकाच बिंदूवर दुखत असेल तर व्यायाम तिथेच थांबवा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना येणारा रक्तस्राव म्हणजे पाळी परतली असं नव्हे. हाडं किती विरळ झालीत हे तपासल्याशिवाय जड डेडलिफ्ट आणि उड्या नकोत.

उपाशीपोटी व्यायाम, जेवणाऐवजी पावडर

सकाळी रिकाम्या पोटी जिम, मग पाण्यात प्रोटीन पावडर, आणि दुपारी ‘आज शीत (भात) नको, नुसती मासळी दे’. वरून हे शहाणपणाचं वाटतं, पण यातून भात आणि पावाची भीती आणखी घट्ट होते. आधी भाजी-पाव किंवा आहारतज्ज्ञांनी ठरवून दिलेला नाश्ता, नंतर व्यायाम, आणि घरी आल्यावर सगळ्यांबरोबर शीत-कडी. नाश्ता चुकला तर त्या दिवशी व्यायामही नाही. हा नियम घरात सगळ्यांना माहीत असू द्या. मे महिन्याच्या दमट उकाड्यात तर पाणी आणि मीठही लवकर कमी होतं.

श्रावणी सोमवार, एकादशी ही आजाराला लपायला उत्तम जागा आहे, कारण उपास करणाऱ्या मुलीचं कौतुकच होतं. आजारी माणसाला उपासातून सूट देण्याची रीत आपल्याकडे आहेच. ‘बाय, यंदा तुला उपास नाही’ हे घरातल्या आजीने म्हटलं, तर त्याचं वजन डॉक्टरांच्या चिठ्ठीइतकंच असतं.

ट्रेनरला काहीच न सांगणं

मग तो बिचारा भल्या मनाने पहिल्याच दिवशी चरबी मोजायच्या मशीनवर उभं करतो, ‘कटिंग’चा (चरबी उतरवायचा) डाएट हातात देतो, ‘आधी-नंतर’चे फोटो मागतो. त्याला एवढंच सांगितलं तरी पुरे: आजारातून उठते आहे, अंगाचं वजन आणि माप नको, आहार दुसरं कोणीतरी बघतं. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, मधे विश्रांतीचे दिवस ठेवून, मोजके सेट, आणि थकून पडायच्या आधी थांबणं. प्रगतीची नोंद उचललेल्या वजनाची आणि हालचालीच्या सफाईची. जमल्यास आरशाकडे पाठ.

मुलांकडे तर कोणाचं लक्षच जात नाही. ‘बल्किंग’च्या (अंग भरण्याच्या) नावाखाली ताटातलं सगळं तोलणारा, कुठेही मासळीची थाळी न जेवणारा मुलगा शिस्तीचा समजला जातो. त्यालाही हाच आजार असू शकतो.

अडलं तर काय बघायचं?

एक दिवस जिम बंद असली की काय होतं ते पाहा. चिडचिड, अपराधी वाटणं, रात्री दार लावून केलेल्या उठाबशा, जेवण कमी करून ‘भरपाई’: यातलं काहीही दिसलं, तर दोन-तीन आठवडे जिम बंद ठेवा आणि ही गोष्ट उपचार करणाऱ्यांना सांगा. भोवळ आली, छातीत धडधडलं किंवा शुद्ध हरपली, तर त्याच दिवशी दवाखाना.

गणेश चवथीला पाहुणे जमले की ‘अंग धरलंस हां!’ असं कोणीतरी म्हणतंच. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण त्या एका वाक्याने ताट बाजूला सरतं. आईवडिलांनी नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावं: तिच्या शरीराबद्दल काही बोलू नका, चांगलंसुद्धा.

गोव्यात उपचारांसाठी बांबोळीला आयपीएचबी ही मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, आणि शारीरिक तपासण्यांसाठी तिथेच गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). आधी फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. जाताना जुने रिपोर्ट, पाळीच्या तारखा, चालू असलेल्या गोळ्या-पावडरींची यादी आणि आठवडाभर किती वेळ व्यायाम होतो, हे खरं खरं लिहून न्या.