क्रोशाच्या नमुन्यातील टाक्यांचा आकडा कसा वाचावा

क्रोशाच्या लेखी नमुन्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात जो आकडा दिलेला असतो, तो ती ओळ पूर्ण झाल्यावर हाती असायला हव्या असलेल्या टाक्यांचा असतो. सुईवरचा चालू फास त्यात कधीही धरत नाहीत.

खरा घोळ ओळीच्या सुरुवातीच्या साखळ्यांपाशी होतो. खांबांच्या (सुईवर एक वेढा घेऊन घातलेल्या उंच टाक्यांच्या) विणीत सुरुवातीच्या 3 साखळ्या बहुधा 1 खांब म्हणून मोजतात, तर मुक्या खांबांच्या (वेढा न घेता घातलेल्या बुटक्या टाक्यांच्या) विणीत उलटताना घातलेली 1 साखळी सहसा मोजत नाहीत. म्हणूनच 20 खांबांची पट्टी हवी असल्यास 22 साखळ्या घालून सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घेतात: 19 खांब आणि सुटलेल्या 3 साखळ्यांचा 1, असे 20 भरतात. पुढच्या ओळींत शेवटचा खांब त्या 3 साखळ्यांच्या माथ्यावर घ्यायचा राहिला, तर दर ओळीला एकेक टाका घटतो आणि पट्टीची कड तिरपी होत जाते.

गोल रुमालात ‘*1 खांब, पुढच्या टाक्यात 2 खांब*, 12 वेळा (36)’ अशी सूचना आली, तर चांदण्यांमधला (* या दोन खुणांमधला) भाग खालचे 2 टाके वापरून वर 3 देतो, हे आधी ताडून पाहावे. म्हणजे खालच्या फेरीत 24 टाके असलेच पाहिजेत. तसे नसतील तर पुढे विणू नये, उसवावे. शेवटी एखादा टाका गुपचूप वाढवून आकडा जुळतो खरा, पण जाळीची नक्षी सरकायची ती सरकतेच. लांब ओळीत दर 20 टाक्यांवर वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवावा.