माइल्स एका कंपनीचे, विमान दुसऱ्या कंपनीचे : भागीदार विमानांची अवॉर्ड तिकिटे काढताना या चुका टाळा

एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघात सामील झाली. तेव्हापासून भारतातील प्रवाशाला एका कंपनीचे माइल्स, म्हणजे प्रवासावर किंवा कार्डावरील खर्चावर जमणारे गुण (काही कंपन्या त्यांना पॉइंट्स म्हणतात), दुसऱ्या कंपनीच्या विमानात वापरण्याची, म्हणजेच अवॉर्ड तिकीट काढण्याची वाट बरीच सोपी झाली. एअर कॅनडाच्या एरोप्लॅन खात्यातील पॉइंट्सवर लुफ्तान्साच्या विमानाने मुंबईहून फ्रँकफुर्टमार्गे टोरांटोला जाता येते, आणि सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर माइल्सवर स्विसच्या विमानाने झुरिकला जाता येते. परदेशी शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांसाठी अशी तिकिटे काढणारी अनेक मराठी कुटुंबे आहेत, आणि ऐन वेळी अडचणीत सापडणारीही अनेक आहेत. माझ्या मते यातील बहुतेक अडचणींचे मूळ एकच आहे. माइल्स ज्या कंपनीच्या खात्यात आहेत ती तिकीट देते आणि ज्या कंपनीचे विमान आहे ती जागा देते, हे दोन वेगवेगळे पक्ष आहेत, याचा प्रवाशाला विसर पडतो. क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स वापरत असल्यास बँक हा तिसरा पक्षही त्यात येतो.

जागा पक्की होण्याआधी पॉइंट्स पाठवणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. अॅक्सिस, एचडीएफसी, अमेरिकन एक्सप्रेस यांच्या काही कार्डांवरील पॉइंट्स विमान कंपन्यांच्या खात्यांत पाठवता येतात, परंतु एकदा पाठवलेले पॉइंट्स बँकेत परत येत नाहीत. काही ट्रान्सफर तत्काळ होतात, तर काहींना कामकाजाचे अनेक दिवस लागतात, आणि तेवढ्या काळात पाहून ठेवलेली जागा दुसऱ्या कोणाला तरी गेलेली असते. काही कार्डांवर वर्षभरात किती पॉइंट्स पाठवता येतील याचीही मर्यादा असते. त्यामुळे चुकीच्या खात्यात पाठवलेले पॉइंट्स तर अडकतातच, शिवाय योग्य खात्यात पाठवण्याची त्या वर्षाची सोयही कमी होते.

विमानात जागा रिकाम्या दिसतात, मग आपल्या माइल्सवर त्या का मिळत नाहीत, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. विमान चालवणारी कंपनी प्रत्येक उड्डाणातील जागांची विभागणी इंग्रजी अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या गटांत करते. स्टार अलायन्समध्ये भागीदारांच्या अवॉर्ड तिकिटांसाठी साधारणपणे इकॉनॉमीला एक्स, बिझनेसला आय आणि फर्स्टला ओ हे गट वापरले जातात. त्या गटात कंपनीने जागा ठेवलीच नसेल, तर विमान अर्धे रिकामे असले तरी भागीदाराच्या खात्यातून तिकीट निघत नाही. शिवाय स्वतःच्या सभासदांना दिलेल्या जागा आणि भागीदारांना दिलेल्या जागा सारख्या नसतात. सिंगापूर एअरलाइन्स आपल्या लांब पल्ल्याच्या विमानांतील बिझनेस आणि फर्स्टच्या जागा प्रामुख्याने क्रिसफ्लायरच्या सभासदांसाठीच राखून ठेवते, म्हणून त्या जागांच्या आशेने एरोप्लॅन किंवा युनायटेडमध्ये पॉइंट्स साठवणे व्यर्थ ठरते. क्रिसफ्लायरच्या आतही सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानांचे दर वेगळे आणि स्टार अलायन्सच्या भागीदार विमानांचे दर वेगळे असतात. एक दरपत्रक पाहून दुसऱ्याचा हिशेब मांडू नये.

काही वेळा संकेतस्थळावर जागा दिसते, सभासद सर्व माहिती भरतो आणि अखेरच्या टप्प्यावर व्यवहार फसतो. अशा जागेला फँटम म्हणतात. दोन कंपन्यांच्या यंत्रणांमध्ये माहिती वेळेवर पोहोचली नाही की हे घडते. त्यावर उपाय असा की तेच उड्डाण, तीच तारीख आणि तोच वर्ग एरोप्लॅन, क्रिसफ्लायर यांसारख्या माइल्सच्या किमान दोन कार्यक्रमांच्या संकेतस्थळांवर तपासावा, आणि ज्या कार्यक्रमातून तिकीट काढायचे आहे तिथे पैसे भरण्याच्या पानापर्यंत जाऊन यावे. दोन्हीकडे जागा दिसली, तरच पॉइंट्स पाठवण्याचा विचार करावा. शंका उरल्यास माइल्सच्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून उड्डाण क्रमांक व तारीख सांगावी आणि जागा त्यांना त्यांच्या यंत्रणेत मिळते का, हे विचारावे. विमान चालवणाऱ्या कंपनीला हा प्रश्न विचारून उपयोग नसतो, कारण तिच्या कर्मचाऱ्याला दुसऱ्या कंपनीच्या सभासदाचे खाते दिसत नाही.

शोध घेण्याच्या पद्धतीतील दोष

गोव्याहून निघणारे प्रवासी केवळ दाबोळीचा जीओआय हा संकेत टाकून शोधतात आणि मोपाचा जीओएक्स विसरतात. मुंबईचा बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय यांच्या बाबतीतही तसेच होऊ शकते. सर्व संकेतस्थळे शहराच्या नावाखाली दोन्ही विमानतळ दाखवतीलच, असे गृहीत धरू नये.

याहून सूक्ष्म चूक म्हणजे संपूर्ण प्रवास एकाच वेळी शोधून निकाल शून्य आला की तिथेच थांबणे. आधी लांब पल्ल्याचा टप्पा, उदाहरणार्थ मुंबई ते फ्रँकफुर्ट, स्वतंत्रपणे शोधावा, कारण दुर्मीळ जागा तीच असते. ती मिळाली की पुढचा टप्पा जुळवावा. मात्र सुटे टप्पे मिळाले म्हणून जोडलेला प्रवास मिळेलच असे नाही, आणि याच्या उलटही घडते. काही कंपन्या मुंबई ते टोरांटो अशा जोडलेल्या प्रवासाला जागा देतात, परंतु त्यातील फ्रँकफुर्ट ते टोरांटो हा टप्पा एकटा मागितला तर नाकारतात. म्हणून दोन्ही प्रकारे शोध घेतल्याशिवाय जागा नाही, असा निष्कर्ष काढू नये.

तारखांच्या बाबतीत प्रत्येक कार्यक्रमाची खिडकी वेगळी असते. युनायटेडमध्ये ३३७ दिवस आधी आणि ब्रिटिश एअरवेजमध्ये ३५५ दिवस आधी आरक्षण खुले होते. ज्याची खिडकी उशिरा उघडते त्याच्या सभासदाला पहिल्या दिवसाच्या जागा मिळत नाहीत. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीसाठी कुटुंबातील चार जणांना एकाच विमानात बिझनेसच्या जागा हव्या असतील, तर हा फरक निर्णायक ठरतो. प्रवासाच्या आधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांतही न विकल्या गेलेल्या जागा भागीदारांना खुल्या केल्या जातात, पण व्हिसा हातात असलेल्या आणि एकट्याने प्रवास करणाऱ्यांनीच त्यावर विसंबावे.

केवळ माइल्सचा आकडा पाहणे

कमी माइल्स लागतात म्हणून निवडलेले तिकीट पैशांत महाग पडू शकते. विमानतळाचे शुल्क व सरकारी कर सर्वांनाच भरावे लागतात, परंतु त्यावर विमान कंपनीचा अधिभार लावायचा की नाही, हे तिकीट देणारा कार्यक्रम ठरवतो. एरोप्लॅन आणि युनायटेड भागीदारांच्या विमानांवरील हा अधिभार सभासदाकडून घेत नाहीत. एरोप्लॅन त्याऐवजी भागीदार तिकिटावर ३९ कॅनडियन डॉलर आकारते. उलट एव्हिऑस, म्हणजे ब्रिटिश एअरवेजचे पॉइंट्स, वापरून तिच्या लांब पल्ल्याच्या विमानात बसायचे झाल्यास अधिभाराची रक्कम डोळ्यांत भरण्याइतकी मोठी असते. लंडनहून निघणाऱ्या प्रवासावर ब्रिटनचा प्रवासी कर लागतो, तो वरच्या वर्गाला अधिक असतो. २४ तासांच्या आत लंडनमधून पुढे जाणाऱ्या प्रवाशाला मात्र तो लागत नाही.

मिश्र वर्गाच्या तिकिटाकडेही बारकाईने पाहावे. निकालात बिझनेस असे लिहिलेले असते, पण दहा तासांचा टप्पा इकॉनॉमीत आणि दीड तासाचा टप्पा बिझनेसमध्ये, अशी रचना असू शकते, आणि अनेक कार्यक्रमांत त्याला पूर्ण बिझनेसचेच माइल्स घेतले जातात. मांडीवरच्या बाळाचा खर्चही आधी विचारून घ्यावा. आंतरराष्ट्रीय प्रवासात बऱ्याच ठिकाणी प्रौढाच्या रोख भाड्याच्या सुमारे १० टक्के आकारले जातात, आणि बिझनेसचे रोख भाडे लक्षात घेता ही रक्कम लहान नसते. एरोप्लॅनमध्ये ती २५ कॅनडियन डॉलर किंवा २,५०० पॉइंट्स एवढीच आहे.

नावातील विसंगती

भारतीय पासपोर्टवर आडनाव आणि नाव असे दोन रकाने असतात, आणि मराठी माणसाच्या नावाच्या रकान्यात बहुधा स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. माइल्सच्या खात्यात मात्र केवळ नाव आणि आडनाव भरलेले असते. काहींच्या खात्यात लग्नानंतरचे आडनाव असते आणि पासपोर्टवर माहेरचे. तिकिटावर पासपोर्टप्रमाणेच नाव असायला हवे, त्यामुळे खाते उघडतानाच ते पासपोर्टनुसार भरावे, आणि जुने खाते असेल तर तिकीट काढण्याआधी कागदपत्रे देऊन दुरुस्त करून घ्यावे. बँकेतून पॉइंट्स पाठवतानाही कार्डधारकाचे आणि खातेधारकाचे नाव जुळावे लागते. तिकिटावर नाव आणि वडिलांचे नाव मध्ये जागा न सोडता सलग छापलेले दिसले, तर घाबरू नये, यंत्रणा अनेकदा तसेच छापते. अक्षरे चुकली असतील तर मात्र त्याच दिवशी तक्रार करावी. भागीदार तिकिटात नाव दोन्ही कंपन्यांच्या नोंदींत बदलावे लागते, ते प्रत्येक वेळी जमत नाही, आणि तिकीट रद्द करून नवे काढायचे ठरवले तर सोडलेली जागा भागीदारांच्या गटात परत येईलच, याची खात्री नसते.

आई-वडिलांसाठी तिकीट काढणाऱ्यांनी आणखी एक नियम पाहावा. क्रिसफ्लायरमध्ये स्वतःखेरीज इतरांसाठी माइल्स वापरायचे असल्यास त्यांची नावे आधी नोंदवावी लागतात आणि अशी पाचच नावे ठेवता येतात.

तिकीट निघाले, आता काम संपले, असे मानणे

आरक्षण झाल्याची ई-मेल येणे आणि तिकीट निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेरा अंकी तिकीट क्रमांक मिळेपर्यंत तिकीट निघालेले नसते. त्याचे पहिले तीन अंक तिकीट कोणी दिले ते सांगतात : ०१४ म्हणजे एअर कॅनडा, ०१६ म्हणजे युनायटेड, ०९८ म्हणजे एअर इंडिया, २२० म्हणजे लुफ्तान्सा, ६१८ म्हणजे सिंगापूर एअरलाइन्स. एरोप्लॅनच्या पॉइंट्सवर लुफ्तान्साने जाणाऱ्याच्या तिकिटावर ०१४ असते, आणि म्हणूनच तारीख बदलायची किंवा तिकीट रद्द करायचे असेल तर लुफ्तान्सा हात वर करते. तो तिचा दोष नव्हे, तिकीट तिचे नसतेच.

दोन्ही कंपन्यांचे पीएनआर क्रमांक बहुधा वेगळे असतात. माइल्सच्या कंपनीने दिलेला क्रमांक विमान कंपनीच्या संकेतस्थळावर चालत नाही, तेव्हा त्यांच्याकडून दुसरा क्रमांक मागून घ्यावा आणि त्याने विमान कंपनीच्या संकेतस्थळावर आरक्षण उघडून आसन, जेवण आणि सामानाची मर्यादा तपासावी. आरक्षण तिथे दिसते पण तिकीट क्रमांक दिसत नाही, अशी स्थिती दुसऱ्या दिवशीही राहिली, तर माइल्सच्या कंपनीला लगेच फोन करावा.

अधिक नुकसान वेळापत्रकातील बदलाने होते. विमान कंपनी उड्डाणाची वेळ किंवा क्रमांक बदलते, आरक्षणात तो बदल आपोआप उमटतो, परंतु तिकीट जुन्याच उड्डाणाचे राहते. माइल्सच्या कंपनीने ते नव्याने काढून द्यावे लागते. हे राहून गेले की वेब चेक-इन होत नाही आणि विमानतळावरील काउंटरवर तिकीट जुळत नसल्याचे सांगितले जाते. मध्यरात्री सहार विमानतळावर वृद्ध आई-वडील उभे असताना परदेशातल्या ग्राहक सेवेचा फोन लावत बसण्याची वेळ कोणावरही येऊ नये, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी आणि प्रवासाच्या आदल्या आठवड्यात आरक्षण उघडून पाहावे. वेळ बदललेली दिसली तर तिकीट पुन्हा काढले आहे का, हा प्रश्न याच शब्दांत विचारावा.

मार्गातील व्हिसा

संकेतस्थळ स्वस्त मार्ग शोधते, प्रवाशाचा पासपोर्ट पाहत नाही. मुंबई, म्युनिक, फ्रँकफुर्ट, टोरांटो असा मार्ग दिसायला निर्दोष असतो, पण म्युनिक ते फ्रँकफुर्ट हे जर्मनीतील देशांतर्गत उड्डाण आहे, त्यासाठी शेंगेन क्षेत्रात (समान व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटात) प्रवेश करावा लागतो आणि कॅनडाचा व्हिसा हातात असूनही शेंगेन व्हिसा लागतो. मुंबई, फ्रँकफुर्ट, टोरांटो या मार्गात तसे होत नाही. अमेरिकेत विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलण्याची सोयच नाही, तिथून पुढे मेक्सिकोला जायचे असले तरी अमेरिकेचा वैध व्हिसा लागतो. ट्रान्झिटचे नियम बदलत असतात, त्यामुळे तिकीट काढण्याच्या दिवशी त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरच ते पाहावेत.

पुण्याहून किंवा गोव्याहून मुंबई-दिल्ली गाठण्यासाठी वेगळे तिकीट काढणाऱ्यांनी मध्ये भरपूर वेळ ठेवावा. पहिले विमान उशिरा पोहोचले तर अवॉर्ड तिकिटावरील कंपनी जबाबदार नसते, आणि अवॉर्ड तिकिटाचा पहिला टप्पा चुकला की पुढचे सर्व टप्पे, परतीचाही, रद्द होऊ शकतात.

माइल्स साठवत राहणे

क्रिसफ्लायरचे माइल्स ३६ महिन्यांनी संपतात, एरोप्लॅनचे पॉइंट्स १८ महिने खात्यात कोणतीही हालचाल न झाल्यास जातात. पण मुदतीपेक्षाही भागीदारी संपण्याचा धोका मोठा आहे. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, तेव्हा जेटप्रिव्हिलेज या तिच्या माइल्स योजनेच्या खात्यांतले माइल्स आकड्यांत कायम राहिले, पण ज्या विमानांसाठी ते जमवले होते ती विमानेच उडेनाशी झाली. स्टार अलायन्सच्या संस्थापकांपैकी एक असलेली एसएएस ही स्कँडिनेव्हियातील विमान कंपनी ३१ ऑगस्ट २०२४ रोजी तिथून बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी स्कायटीम या दुसऱ्या संघात गेली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. त्याआधी लिहिलेले क्लब विस्तारा या विस्ताराच्या माइल्स योजनेविषयीचे सल्ले आजही वाचले जातात, त्यांवर तिकिटाची योजना आखू नये. प्रवास ठरल्यावर माइल्स जमवावेत आणि जमले की वापरावेत, असेच माझे मत आहे.

विमान रद्द झाले तर

पर्यायी उड्डाण मागताना प्रथम तिकीट देणाऱ्या कंपनीशी बोलावे. निघण्याच्या दिवशी विमानतळावर असाल, तर विमान चालवणाऱ्या कंपनीचे काउंटर अधिक उपयोगी पडते, कारण त्या टप्प्यावर प्रवाशाची व्यवस्था तिच्या हातात असते. प्रवास सोडून द्यायचा झाल्यास माइल्स आणि कर यांचा परतावा माइल्सच्या कंपनीकडूनच मिळतो. नुकसानभरपाईचे मात्र याच्या उलट आहे. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम अवॉर्ड तिकिटांनाही स्पष्टपणे लागू आहे. फ्रँकफुर्टहून मुंबईला येणारे विमान एअर इंडियाचे असो वा लुफ्तान्साचे, त्याला हा नियम लागतो. मुंबईहून फ्रँकफुर्टला जाताना तो केवळ युरोपीय कंपनीच्या विमानाला लागतो. हे अंतर ३,५०० किलोमीटरांहून अधिक असल्याने, कंपनीच्या नियंत्रणाबाहेरचे कारण नसल्यास, भरपाई ६०० युरोंपर्यंत मिळू शकते. तिची मागणी माइल्सच्या कंपनीकडे केल्यास नकार येतो. बोर्डिंग पास आणि तिकीट क्रमांक जोडून ती विमान चालवणाऱ्या कंपनीकडेच लेखी करावी.