ग्रहणासाठी आइसलँड, पण खिशाला झेपेल असं

१२ ऑगस्ट २०२६ चं खग्रास सूर्यग्रहण बघायला आइसलँडला जायचं असेल तर आधी राहायची जागा पकडा, तीही फ्री कॅन्सलेशनवाली, कारण तिथे लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं. राजधानी रेक्याविकमध्येच राहिलात तर गाडीचा खर्च वाचतो, खग्रास तिथूनही दिसतं, साधारण एक मिनिट, संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास (आपल्या ठाण्यात तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा). चौघांत गाडी घेतलीत तर मात्र पश्चिमेकडच्या स्नायफेल्सनेस द्वीपकल्पावर जा, दोन मिनिटं मिळतात आणि ढग आले तर दुसरीकडे पळताही येतं. तिथे बाहेर खाणं फार महाग, म्हणून जांभळी नाक्यावरून पोहे, मेतकूट भरून न्या, नळाचं पाणी बिनधास्त प्या. ग्रहणाचा चष्मा इथूनच न्या, पूर्ण झाकलेल्या सूर्याचं ते मिनिट सोडून तो अजिबात काढू नका, प्लीज.