गड्ड्याच्या सुट्टीत सर्व्हर बदलण्याआधी

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा सर्व्हर सेंटओएस ७ वरून डेबियनवर न्यायचाय, दोन्ही लिनक्सचेच प्रकार. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत कारखाना बंद असतो, तेव्हाच हे काम उरकायचं. सेंटओएस ७ ला अपडेट मिळण्याची मुदत ३० जून २०२४ लाच संपली आहे, आता आणखी चालढकल नको. माझ्याबरोबर येणाऱ्या पोरांसाठी ही तयारी लिहून ठेवतोय.

सुरुवात जुन्या मशीनपासून. मशीन चालू झालं की आपोआप काय काय उठतं, ते सगळं कागदावर घ्या. सिस्टमसीटीएल या कमांडला एनेबल असलेल्या, म्हणजे बूटला आपोआप उठणाऱ्या सर्व्हिसेस (मागे चालत राहणारे प्रोग्राम) विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका. बूटला चालणारी आरसी-लोकल फाइल उघडा, प्रत्येक युजरचा क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी, बघा. कुणीतरी कधीतरी तिथं एखादी ओळ टाकून गेलेलं असतं. आणि जे आत्ता चालू आहे पण एनेबल नाही, ते लाल पेनानं लिहा. गेल्या मे महिन्यात एका ठिकाणी रात्री लाइट गेली, यूपीएस संपला. पहाटे मशीन उठलं, हजेरीचा प्रोग्राम उठला नाही. मी तो हातानं स्टार्ट केला होता, एनेबल करायचं राहिलं होतं. अख्ख्या पहिल्या पाळीची हजेरी वहीत लिहावी लागली. त्या हजेरीवर माणसांचा पगार निघतो, म्हणून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

मग त्याच कागदावर शेजारी डेबियनमधली नावं लिहा. दोन्हीकडे सर्व्हिसेस उठवणारा सिस्टमडीच आहे, कमांड त्याच आहेत, पण सर्व्हिसची नावं वेगळी. इकडचं एचटीटीपीडी (वेब सर्व्हर) तिकडे अपाची२, क्रॉनडी तिकडे क्रॉन, फाइल शेअरिंगच्या सांबाचं एसएमबी तिकडे एसएमबीडी. जुन्या स्क्रिप्टमध्ये जुनं नाव राहिलं तर ती रात्री दोन वाजता अडकेल.

सगळ्यात मोठा फरक सवयीचा आहे. रेडहॅटच्या घराण्यात (सेंटओएस त्यातलंच) पॅकेज टाकलं तरी सर्व्हिस सहसा बंदच राहते. तुम्ही एनेबल आणि स्टार्ट म्हणायचं. डेबियनवर पॅकेज बसलं की बहुतेक सर्व्हिस लगेच सुरू होते आणि पुढच्या बूटलाही उठते. त्यात डेबियनवर फायरवॉल आपण लावल्याशिवाय चालू नसते. म्हणून फायरवॉल आधी, डेटाबेस आणि सांबा नंतर.

आमचा बिलिंगचा प्रोग्राम डेटाबेसवर अवलंबून आहे. त्याच्या युनिट फाइलमध्ये (सिस्टमडीला सर्व्हिसची माहिती देणारी फाइल) नुसतं ‘रिक्वायर्स’ लिहून भागत नाही, त्यानं क्रम ठरत नाही. ‘आफ्टर’ही लिहायचं, नाहीतर दोन्ही एकदमच सुटतात. बॅकअपची बाहेरची डिस्क एफएसटॅबमध्ये (बूटला जोडायच्या डिस्कची यादी) असेल तर ‘नोफेल’ लावा. एरवी डिस्क काढलेली असताना मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं आणि पासवर्ड मागतं.

सिस्टमडी फेडोरा १५ मध्ये २०११ साली आला, डेबियन ८ मध्ये २०१५ साली. पण सगळीकडे तोच असेल असं धरू नका. कुणी अल्पाइन या दुसऱ्या लिनक्सचं मशीन हातात दिलं तर तिथं सिस्टमडीऐवजी ओपनआरसी आहे. आरसी-अपडेटनं सर्व्हिस डिफॉल्ट रनलेव्हलला, म्हणजे नेहमीच्या बूटच्या यादीला, जोडायची. व्हॉइड लिनक्सवर रनइट, तिथं सर्व्हिसच्या फोल्डरची सिमलिंक (शॉर्टकटसारखी) केली की झालं. स्लॅकवेअर लिनक्सवर आरसी-डी फोल्डरातल्या स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी दिली की ती बूटला चालते, परवानगी काढली की बंद.

शेवटी बायोसमध्ये जा. लाइट परत आली की मशीन आपोआप चालू व्हावं, अशी सेटिंग करा. मग मशीन नीट शटडाउन करून मेन स्विच पाडा, थोडं थांबून चढवा. कीबोर्डला हात लावू नका. दुसऱ्या संगणकावरून बिलिंग उघडा, हजेरीच्या मशीनवर बोट ठेवून बघा, कागदावरच्या एकेका नावापुढे बरोबरची खूण करा. एक जरी राहिलं तरी दुरुस्त करून पुन्हा स्विच पाडायचा. सगळ्या खुणा झाल्या की तो कागद सर्व्हरच्या कपाटात आतल्या बाजूनं चिकटवा, तारीख घालून.