‘किती’ची वेलांटी आणि बारा जणी: गेमच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलींसाठी

मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात वाढले आणि आज प्राथमिक शाळेतील मुलांसाठी गणिताचे गेम बनविणाऱ्या पुण्यातील एका लहान चमूसाठी काम करते. वर्षातील आठ-नऊ महिने हे काम गावातूनच होते. दहावी-बारावीच्या मुली भेटल्या की बहुतेकींचा पहिला प्रश्न असतो, ‘ताई, यासाठी कोणता क्लास लावावा लागतो?’ माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आतापर्यंत कोणता छोटा गेम पूर्ण केला आणि तो कोणाला खेळायला दिला, हा पहिला. अर्धवट सोडलेले दहा मोठे गेम माझ्याही संगणकात पडून आहेत. मला नोकरी मिळाली ती मात्र एका तीन मिनिटांच्या, पण पूर्ण झालेल्या गेममुळे.

शिक्षणाविषयी थोडक्यात सांगते. आठवी ते बारावी मी मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने शाळेत जात असे आणि कापूस वेचणीच्या दिवसांत त्या बसमधील निम्म्या जागा रिकाम्या राहत. पुढे अमरावतीला संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतली. दहावीनंतर तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याचा मार्गही चांगला आहे आणि घरच्यांना तो लवकर पटतो. पैशांची अडचण असेल तर दोन गोष्टींची चौकशी अवश्य करावी. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची (एआयसीटीई) ‘प्रगती’ शिष्यवृत्ती मुलींना वर्षाला 50,000 रुपये देते, तिच्यासाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाख रुपये आहे आणि एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत ती मिळू शकते. शिवाय 2024 पासून राज्य शासनाने ठरावीक प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ केले आहे. दोन्हींसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो आणि प्रवेशाच्या दिवसांत तो मिळायला वेळ लागतो, म्हणून बारावीचा निकाल लागण्याआधीच सेतू केंद्रात अर्ज करून ठेवावा.

अकरावीचे भौतिकशास्त्र कंटाळवाणे वाटत असेल, तर एवढे लक्षात ठेवावे की गेममधील पात्राची उडी म्हणजे प्रक्षेप्याची गतीच असते. गुरुत्व त्वरणाची किंमत कमी केली की पात्र तरंगते आणि वाढविली की धपकन पडते. मला ते समीकरण परीक्षेच्या वेळी नव्हे, तर उडी नीट जमेना तेव्हा समजले.

गेम बनविण्याच्या साधनांच्या बाबतीत गावातील मुलीने नेटचा आणि संगणकाच्या ताकदीचा विचार आधी करावा. युनिटी हे नोकरीच्या बाजारात अधिक विचारले जाणारे साधन आहे, त्यात सी शार्प ही भाषा वापरतात. परंतु ते उतरवून घ्यायलाच काही जीबी डेटा खर्ची पडतो. गोडो हे मुक्त आणि मोफत साधन आकाराने बरेच लहान असून ते स्थापित न करताही चालते, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर सुरुवात त्यानेच करावी. आपला गेम ज्याच्या हातात जाणार आहे त्याचा फोनही जुनाच असतो. कॅरल शॉ या अमेरिकन महिलेने 1982 मध्ये ‘रिव्हर रेड’ हा विमानाचा गेम केवळ 4 केबी जागेत बसविला होता. तिने नदीचा नकाशा साठवून न ठेवता तो गणिती रीतीने चालत्या गेममध्येच तयार केला. मी हे प्रथम वाचले तेव्हा माझ्या गेममधील एकटे पार्श्वचित्रच 6 एमबीचे होते.

आता मराठीत गेम करताना येणारी अडचण सांगते, कारण ती कोणत्याही क्लासमध्ये मला कोणी सांगितली नव्हती. मी युनिटीमध्ये बेरजेचा गेम बनविला आणि गावच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीच्या मुलांना दिला. ‘एकूण किती?’ या प्रश्नावर एक मुलगी अडखळली. मला वाटले, तिला बेरीज येत नाही. जवळ जाऊन पाहिले तर ‘किती’मधील पहिली वेलांटी ‘क’च्या आधी येण्याऐवजी ‘क’च्या नंतर पडून ‘त’वर चढली होती आणि ‘प्रश्न’ या शब्दातील जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली अक्षरे सुटी उभी होती. संगणक ‘कि’ साठवितो तेव्हा आधी ‘क’ आणि मग वेलांटी असाच क्रम असतो. दाखविताना ती उचलून ‘क’च्या आधी ठेवण्याचे काम एका वेगळ्या यंत्रणेला करावे लागते आणि मी वापरलेल्या मजकूर-घटकात ती यंत्रणा नव्हती. इंग्रजीत गेम करणाऱ्याला हा दोष आयुष्यभर दिसणार नाही. तेव्हा मी शब्दांची चित्रे करून वेळ मारून नेली. 2023 मध्ये आलेल्या गोडोच्या चौथ्या आवृत्तीत देवनागरी नीट उमटते, म्हणून पुढचा गेम मी त्यात केला. नोकरीच्या मुलाखतीत माझ्या गुणपत्रिकेवर दोन मिनिटे आणि या वेलांटीवर वीस मिनिटे बोलणे झाले.

गेम प्ले स्टोअरवर टाकण्यासाठी एकदाच 25 डॉलर भरावे लागतात. त्याशिवाय नव्या वैयक्तिक खात्याला किमान 12 परीक्षकांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. शहरातील मुलगी वर्गमित्रांना लिंक पाठविते. मी आईच्या बचत गटाकडे गेले. ‘हे खेळून भेटते काय वं?’ असे एका काकूंनी विचारले, पण बाराही जणींनी फोन पुढे केले. प्रत्येकीचा ईमेल शोधण्यातच एक संध्याकाळ गेली, कारण फोन घेताना तो दुकानदाराने किंवा मुलाने उघडून दिलेला होता. चौथ्या दिवशी एका काकूंनी सुट्या पैशांच्या पातळीत 20 रुपयांच्या दोन नोटा आणि 10 ची एक नोट दिली, तरी गेम ‘चूक’ म्हणत होता. मी 50 साठी एकच उत्तर धरले होते. बाजारात रोज हिशेब करणाऱ्या बाईला ती चूक लगेच दिसली.

कामाच्या ठिकाणच्या वागणुकीबद्दलही सांगायला हवे. एका जुन्या ठिकाणी सामूहिक कॉलवर माझ्या वऱ्हाडी बोलण्याची नक्कल होत असे. त्यानंतर आलेले काही खासगी संदेश मात्र थट्टेत मोडणारे नव्हते. घरून काम करताना तक्रार कुठे करावी हे मला ठाऊक नव्हते. 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत राहत्या घराचाही समावेश आहे, दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. संदेश पुसून टाकू नयेत, त्यांचे स्क्रीनशॉट तारखेसह जपावेत. मी रागाच्या भरात ते पुसले होते.

बचत गटातील बायकांनी चौदाव्या दिवशी एक मागणी केली. या गेममध्ये कापसाचा काटा पाहिजे, क्विंटल आणि किलोचा हिशेब पाहिजे आणि व्यापारी कट्टी (वजनातून केलेली कपात) कापतो तेही त्यात आले पाहिजे. सध्या मी त्याच पातळीवर काम करीत आहे. कट्टी किती धरावी यावर मात्र बारा जणींत अजून एकमत झालेले नाही.