नॅरोबोट घेतली असेल किंवा घ्यायचा विचार असेल तर या चुका टाळा

मी आणि नवरा गेली सात वर्षं इंग्लंडमध्ये ग्रँड युनियन कॅनॉलवर नॅरोबोटीत, म्हणजे कालव्यात चालणाऱ्या अरुंद लोखंडी घर-बोटीत राहतोय. बोट 57 फूट लांब आणि 6 फूट 10 इंच रुंद, म्हणजे एस.टी.पेक्षा अरुंद आणि दीड एस.टी. एवढी लांब. घरभाडी इतकी वाढलीत की ओळखीतल्या ओळखीत आता आपली मराठी मंडळीही बोटींची चौकशी करायला लागलीत, दर महिन्याला कुणाचा ना कुणाचा फोन येतो, ताई जरा गाइड करा ना. मी मनापासून करते, पण सांगून झाल्यावर लोक नेमकं तेच करतात जे करू नका म्हणून सांगितलेलं असतं, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

लॉकमध्ये उतरताना मागे न बघणं

ही चूक पहिली, कारण हिच्यात बोट बुडते आणि पाच मिनिटांत बुडते.

लॉक म्हणजे पाण्याचा जिना. दोन दारांच्या मधे बोट घ्यायची, विंडलासने, म्हणजे त्या लोखंडी हँडलने, झडपा उचलायच्या, पाणी कमी-जास्त होतं तशी बोट खाली-वर जाते. आता वरच्या दाराच्या खाली दगड-काँक्रीटची एक पायरी असते, तिला सिल म्हणतात. लॉक भरलेलं असताना ती पाण्याखाली असते, अजिबात दिसत नाही. पाणी उतरायला लागलं की ती उघडी पडते, आणि तुमच्या बोटीचा मागचा भाग जर तिच्यावर असेल तर तो तिथेच अडकतो आणि पुढचा भाग पाण्याबरोबर खाली जात राहतो. बाजूच्या भिंतीवर सिल कुठपर्यंत आहे ते दाखवणारी पांढरी रेघ असते, अख्खी बोट त्या रेघेच्या पुढे ठेवायची, बस एवढंच करायचं असतं.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाने बोट घेतली, पुण्याचा मुलगा, बायकोही हौशी. वॉरिकजवळ हॅटनला 21 लॉक्स आहेत ओळीने, ती उतरायला आम्हाला मदतीला बोलावलं. पहिली चार मी टिलर, म्हणजे सुकाण वळवायचा दांडा, धरून दाखवली. पाचव्याला तो म्हणाला, ताई आता मी धरतो, आलं मला. मी टोपाथवर, म्हणजे काठाच्या पायवाटेवर उतरले. तिथली लॉक्स 70 फुटांपेक्षा लांब आहेत, 57 फुटी बोटीला भरपूर जागा, घाबरायचं काही कारणच नाही. पण पुढच्या दाराला बोट टेकेल म्हणून त्याने थोडा रिव्हर्स टाकला, न्यूट्रल केलं आणि खिशातून फोन काढून आईला व्हिडिओ कॉल लावला, बघ आई बोट कशी खाली जाते. बोट सावकाश मागे सरकत राहिली.

आधी आवाज आला. करकर असा, लोखंड दगडावर घासल्याचा, मग आतून भांडी पडायला लागली, एकामागून एक. मी बघितलं तर मागचा भाग जागच्या जागी आणि पुढचा भाग स्पष्ट खाली झुकलेला, त्याची बायको पुढच्या डेकवर दाराची चौकट धरून उभी. मी नवऱ्याला ओरडले, बंद कर! त्याने खालच्या झडपा लगेच बंद केल्या. मग मी वरच्या दाराकडे पळत गेले आणि वरची झडप अगदी थोडीशीच उचलली, कारण पाणी एकदम सोडलं तर ते बोटीवरच कोसळतं. पाणी हळूहळू चढलं, बोट एकदा डावीकडे कलंडली आणि सुटली. पुढच्या डेकवरून पाणी आत जायला वीतभर अंतर राहिलं होतं. सुकाण खालच्या खोबणीतून निसटलं, ते बसवून घेईपर्यंत पुढचा आठवडा त्यांची बोट तिथेच.

तर पद्धत लक्षात ठेवा. आधी खालच्या झडपा बंद, नंतरच वरून थोडं थोडं पाणी. उलट क्रमाने नाही. आणि माझा नियम असा की लॉकमध्ये टिलर धरणाऱ्याच्या हातात फोन नको, चहाचा कप नको, आणि झडप उचलणाऱ्याने टिलरवाल्याचा अंगठा वर दिसल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही. आम्ही सात वर्षांनंतरही दरवेळी अंगठा दाखवतो.

लॉकमधलंच अजून एक, उतरताना दोर खुंटाला घट्ट बांधून ठेवू नका, बोट दोराला लटकते. नुसता वेढा द्या आणि सोडत राहा. आणि विंडलास झडपेवर तसंच अडकवून फोटो काढायला जाऊ नका, झडप धरून ठेवणारी खिटी सुटली की ते गरागरा फिरतं, दात पडलेली माणसं बघितलीत मी.

वीड हॅचचं झाकण

बोटीच्या मागे प्रोपेलरच्या बरोबर वर एक चौकोनी तोंड असतं, त्याला वीड हॅच म्हणतात, त्यातून हात घालून पंख्याला गुंडाळलेलं गवत, दोर, पिशव्या काढायच्या. बोट जोर लावूनही पुढे जात नाही, इंजिन कण्हल्यासारखं करतं, काळा धूर येतो, तेव्हा समजायचं काहीतरी गुंडाळलंय.

पश्चिम लंडनला साउथॉलच्या पट्ट्यात हे हमखास होतं. एका नोव्हेंबरात आमच्या पंख्याला अख्खी साडी गुंडाळली गेली. इंजिन बंद केलं, किल्ली काढून नवऱ्याने स्वतःच्या खिशात टाकली (हे कायम करा, कुणीतरी चुकून स्टार्टर मारेल आणि तुमचा हात आत असेल), मी उपडी झोपून कोपरापर्यंत हात घातला आणि ब्रेड कापायच्या दातेरी सुरीने कापत बसले. पाणी इतकं थंड की दर पाच मिनिटांनी हात बाहेर काढून काखेत धरायचा. साडी हिरव्या रंगाची होती, जरीचा काठ दांड्याला इतका घट्ट आवळला होता की तो तारेसारखा तुकड्या-तुकड्यानेच निघाला. दोन तास गेले.

त्याच पट्ट्यात पाण्यावर नारळ तरंगताना दिसतात, हार दिसतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं निर्माल्य दिसतं. आपल्या लोकांना हात जोडून सांगते, कॅनॉल म्हणजे नदी नाही. याला प्रवाह जवळजवळ नाहीच, तुम्ही सोडलेला नारळ समुद्राला मिळत नाही, तो महिनाभर तिथेच कुजतो. कुंडीत घाला, कंपोस्ट करा, पण इथे नको.

पण खरी चूक पुढे होते. साफ करून झालं की माणूस गारठलेला असतो, वैतागलेला असतो, झाकण नुसतं ठेवतो आणि निघतो. पंखा फिरायला लागला की तो पाणी वर फेकतो, झाकण सैल असेल तर ते सरळ इंजिनच्या खोलीत. आमच्या शेजारी बांधलेल्या एका बोटीचं असंच झालं, गडी संध्याकाळी घाईत होता, अंधाराच्या आत पुढचं गाव गाठायचं म्हणून. जेमतेम पाव मैल गेला. बोट मागून बसली. कॅनॉल तिथे चारेक फूट खोल म्हणून जीव वाचला, पण बेड, कपडे, लॅपटॉप, इन्व्हर्टर सगळं पाण्यात.

मी काय करते सांगते. झाकणाखालचं रबर बोटाने चाचपून बघते, कुठे मुडपलंय का. मग क्लॅम्प हाताने जेवढा आवळेल तेवढा आवळते. मग बोट बांधलेलीच ठेवून गिअर टाकायला सांगते आणि टॉर्च लावून स्वतः मिनिटभर झाकणाकडे बघते. थेंब जरी आला तरी पुन्हा उघडून पुन्हा बसवायचं. हा एक मिनिट जड होत असेल त्याने फ्लॅट भाड्याने घ्यावा.

बाकीच्या

सर्व्हेशिवाय बोट घेऊ नका. फोटोत लाकडी कपाटं आणि शेगडी बघून लोक प्रेमात पडतात, पण बोट म्हणजे तिचा तळ. नवीन असताना साधारण तळाला 10 मिलिमीटर, बाजूला 6 आणि केबिनला 4 मिलिमीटरचा पत्रा असतो. बाजूचा झिजून 4 च्या खाली गेला की इन्शुरन्सवाले खळखळ करायला लागतात. बोट पाण्याबाहेर काढून जाडी मोजून घ्या, विकणारा घाई करत असेल तर ती बोट सोडून द्या. नंतरही दर दोन-तीन वर्षांनी बाहेर काढून डांबरी रंग मारायचाच, त्याला ब्लॅकिंग म्हणतात.

बांधलेल्या बोटींजवळून जोरात जाऊ नका. कमाल वेग ताशी 4 मैल आहे म्हणून कायम 4 नेच जायचं असं नाही. तुमच्या मागे लाट काठाला फुटत असेल तर तुम्ही जोरात आहात. कुणाच्या तरी शेगडीवर उकळतं वरण असतं.

आणि बोट बांधताना छतावरच्या मधल्या दोराने बांधून ठेवू नका, शेजारून कुणी गेलं की ती कलते. पुढचा आणि मागचा दोर, दोन्ही तिरके.

पाय घालून बोट अडवायला जाऊ नका. 15 टन असतात ते. आपटू दे.

बॅटऱ्यांची तक्रार सगळेच करतात, आणि प्रत्येकाकडे मिक्सर असतो. 750 वॉटचा मिक्सर इन्व्हर्टरवर लावला की 12 व्होल्टच्या बॅटरीतून सत्तरेक अँपिअर ओढले जातात. वाटण करायचंच असेल तर इंजिन चालू असताना करा, मी आठवड्याचं एकदाच करून डब्यात भरते. साध्या लेड बॅटऱ्या निम्म्याच्या खाली उतरवू नका, नाहीतर दोन वर्षांत संपतात. हिवाळ्यात सोलरवर भरवसा नको, डिसेंबरात जवळजवळ काहीच मिळत नाही. आणि रात्री 8 ते सकाळी 8 बांधलेल्या जागी इंजिन चालवायचं नसतं, तेव्हा दिवसाउजेडी चार्जिंगचं बघा.

ज्यांच्याकडे कायमची जागा नाही त्यांनी एका ठिकाणी 14 दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही, हे 1995 च्या कायद्यात आहे. दोन पुलांच्या मधे पुढे-मागे करत बसणं म्हणजे प्रवास नाही. मुलांची शाळा, नोकरी, सगळं या हिशोबाने आधी ठरवा, बोट घेतल्यावर नाही.

रोज इंजिन बंद केलं की मागच्या ग्रीसरला, म्हणजे पंख्याच्या दांड्याजवळून पाणी आत येऊ नये म्हणून ग्रीस दाबणाऱ्या हँडलला, एक फेरा.

हिवाळ्यात गावी जाणार असाल तर पाण्याची टाकी आणि पाइप रिकामे करा, नळ उघडे ठेवा. पंपात राहिलेलं पेलाभर पाणी गोठलं तरी पंप फुटतो.

वेंट आणि अलार्म

हे शेवटी लिहितेय पण मला याचीच सगळ्यात काळजी वाटते. आपला स्वयंपाक म्हणजे वाफ. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या की खिडक्यांवरून पाणी ओघळतं, वर थंडी, म्हणून लोक झडझडून शेगडी पेटवतात आणि छतावरचे वेंट, म्हणजे हवा खेळायची भोकं, कापड कोंबून किंवा चिकटपट्टीने बंद करतात. कोळशाच्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, झोपेतच माणूस जातो. 2019 पासून बोटीच्या सेफ्टी तपासणीत त्याचा अलार्म सक्तीचा आहे, पण तपासणी चार वर्षांतून एकदा होते, मधल्या काळात बघायला कुणी येत नाही.

एका घरी जेवायला गेलो होतो, मोहरीची फोडणी दिली की धुराचा अलार्म बोंबलतो म्हणून त्यांनी बॅटरी काढून ठेवलेली, आणि शेजारीच असलेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचीही काढलेली, दोन्ही सारखेच दिसतात म्हणून. बेडवर आठ महिन्यांचं बाळ झोपलेलं. मी ताटावरून उठले, ड्रॉवरमधून दोन्ही बॅटऱ्या शोधल्या, बसवल्या, बटण दाबून आवाज ऐकला आणि मगच जेवायला बसले. आता कुणाच्याही बोटीवर गेले की चप्पल काढल्यावर आधी ते बटण दाबते.